वॉटर्सचा बेस आणि उपनगरांचे कान

पिंक फ्लॉइडच्या एखाद्या मुरलेल्या चाहत्याला कधीतरी अचानक विचारून पाहावं, "रॉजर वॉटर्स वाजवतो काय?" गेल्या वर्षभरात मी हा प्रश्न मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवलीतल्या अनेकांना विचारला. बहुतेक जण पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे. कुणी बँकेत, कुणी जाहिरात कंपनीत, एक दंतवैद्य, दोघं निवृत्त. वॉटर्सचं नाव काढलं की यांना किती सांगू नि किती नको असं होतं. 'द वॉल'चे शब्द तोंडपाठ असतात. वडिलांच्या युद्धातल्या मरणापासून डेव्हिड गिलमोरशी झालेल्या कोर्टकज्जापर्यंतचा इतिहास घरातल्या भाऊबंदकीसारखा माहीत असतो. पण या प्रश्नापाशी गाडी क्षणभर अडते. "बेस वाजवतो. पण तो लिहितो ना!" थोड्याफार फरकानं हे उत्तर मला इतक्या वेळा मिळालं, की त्यातल्या 'पण'कडे बघणं भाग पडलं. हा लेख त्या 'पण'विषयी आहे.

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण त्यामागे एक पेच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आलेलं प्रोग्रेसिव्ह रॉक हे वाजवणाऱ्यांचं संगीत म्हणून ओळखलं जातं. वीस-वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचे ठेके, एका गाण्यात चार गाण्यांचा ऐवज. एरवी मागे उभं राहून गाणं सावरणाऱ्या बेसवाल्यालाही या संगीतात हात दाखवायला मोकळं रान मिळालं. येसचा ख्रिस स्क्वायर, रशचा गेडी ली, किंग क्रिम्झनमध्ये वाजवलेला जॉन वेटन, एमर्सन, लेक अँड पामरमधला ग्रेग लेक. यांचे चाहते यांच्या बोटांवर जीव टाकतात. स्क्वायर २०१५च्या जूनमध्ये गेला तेव्हा येसच्या तोवरच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर वाजवलेला तो एकटाच होता, आणि त्याच्याविषयी हळहळणाऱ्यांनी आधी त्याच्या बेसचा नाद आठवला, बाकी सगळं नंतर. या पंगतीत वॉटर्सला पाट मांडलेला असतो, पण वाढायला कुणी येत नाही. आमच्याकडे या संगीताचा सर्वांत लाडका बेसिस्ट तोच, आणि त्याच्यावरचं प्रेम बेस सोडून बाकी सगळ्यावर.

याचं एक कारण अगदी यांत्रिक आहे, आणि ते उपनगरांतल्या घरांमध्ये सापडतं.

फ्लॉइड आमच्यापर्यंत आला तो कॅसेटवरून. फोर्टात ऱ्हिदम हाउस होतं, पण तिथून विकत घेतलेली कॅसेट मित्रमंडळींत एखाद्याकडेच असे. बाकीचे ती भरून घेत. 'द डार्क साइड ऑफ द मून' त्रेचाळीस मिनिटांचा आणि 'विश यू वेअर हिअर' चव्वेचाळीस. नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे दोन्ही नेमके बसत. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे ही जोडकॅसेट होती. इतकी, की 'डार्क साइड'च्या शेवटी विरत जाणारे हृदयाचे ठोके संपले, की कॅसेट उलटवण्याचा 'खट' आवाज हा त्या संगीताचाच भाग वाटे, असं एकानं सांगितलं.

ही कॅसेट वाजे ती टू-इन-वनवर. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा खुला स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो, साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली. तीन-चार इंची स्पीकरच्या कागदाला तो पेलत नाही. त्यातून ऐकू येतो तो त्या स्वराचा वरचा अंश. तारेचा 'टक', बोटाची वा प्लेक्ट्रमची चाहूल आणि एक अंदाज. कान बाकीचं मनानं भरून काढतात, पण त्यासाठी आधी ते कुठेतरी ऐकलेलं असावं लागतं. पुढे वॉकमन आला आणि ऐकणं लोकलमध्ये गेलं. रुळांवरची गाडी स्वतःच एक अखंड खर्ज लावून धावत असते. त्या घरघरीत सगळ्यांत आधी बुडतं ते गाण्यातलं खालचं अंग. बोरिवली ते चर्चगेट सव्वा तासाच्या प्रवासात लोकांनी गिलमोरची गिटार आणि वॉटर्सचे शब्द पिऊन घेतले. बेस गाडीनं खाल्ला.

आता स्क्वायर याच स्पीकरवर का ऐकू आला, हे पाहण्यासारखं आहे. तो रिकनबॅकर बेस वापरी, प्लेक्ट्रमनं वाजवी, आणि त्याचा नाद मुद्दाम धारदार, गिटारच्या प्रदेशात घुसणारा ठेवी. १९७१च्या 'राउंडअबाउट'मध्ये त्याचा बेस दोन रुपयांच्या स्पीकरवरही अंगावर येतो. गेडी लीचंही तसंच. वॉटर्सही प्लेक्ट्रमनंच वाजवतो, आणि सुरुवातीच्या काळात त्याच्याही हातात रिकनबॅकर होता. पण ज्या काळातले अल्बम आम्ही ऐकले त्या काळात त्याच्या हाती फेंडर प्रिसिजन होता. नाद गोल, भरीव, तळाशी बसणारा. थोडक्यात, बेसिस्ट म्हणून कुणाला मान द्यायचा हे आमच्यासाठी काही अंशी स्पीकरच्या व्यासानं ठरवलं. चाहत्यांची आवड ही निव्वळ आवड कधीच नसते. तिच्यामागे यंत्र असतं, खोली असते आणि खिशातले पैसे असतात.

गंमत अशी, की उपनगरात वॉटर्सचा बेस कुणी स्वच्छ ऐकला असेल, तर तो खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं. एखाद्याच्या घरी मोठे स्पीकर आले, की वरचे स्वर भिंतींत अडकत आणि खालचे स्लॅबमधून पार होत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दार वाजवून "तो धुम धुम आवाज बंद करा" म्हणणाऱ्या काकांना ना शब्द कळत होते ना गिटार ऐकू येत होती. त्यांना मिळत होता तो शुद्ध बेस. त्यांच्याकडून समीक्षा मात्र कुणी मागितली नाही.

दुसरं कारण यंत्राच्या आधीचं आहे. आपला कान शब्दावर पोसलेला आहे. भावगीत ऐकताना आपण गायकाचं नाव घेतो, मग कवीचं, मग संगीतकाराचं. सतार, बासरी, व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव 'साथसंगत' या एका शब्दात गुंडाळलं जातं. सकाळच्या लोकलमधल्या भजनी मंडळातही डोळे बुवांकडे असतात. धृपद धरून ठेवणारे टाळकरी नसले तर बुवांचा अभंग दोन स्टेशनांत कोसळेल, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. हिंदी सिनेमाचंही तेच. राहुल देव बर्मनच्या गाण्यांत बेस गिटार किती ठळक बोलते ते मोठ्या स्पीकरवर एकदा ऐकावं. ती वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव बर्मनच्या किती चाहत्यांना सांगता येतं, हेही एकदा पाहावं. असा कान घेऊन आम्ही फ्लॉइडकडे गेलो. वॉटर्समध्ये आम्हांला एक कवी मिळाला. शाळा, आई, युद्ध, पैसा, वेड अशा विषयांवर इंग्रजीत इतकं सरळ लिहिणारा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला शेक्सपिअर अडे, पण वॉटर्स कळे. हा आनंद खोटा नव्हता. त्याची किंमत एवढीच, की कवी सापडला आणि वाजवणारा हरवला.

हा वाजवणारा शोधायला मी गेले काही महिने ते अल्बम पुन्हा ऐकत होतो, या वेळी बरे हेडफोन लावून आणि शब्दांकडे शक्य तेवढा कानाडोळा करून.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की वॉटर्सला बेसवर फार काही येत नाही. हे निंदेनं म्हणत नाही. तो मुळात गिटारवाला. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकत असताना जमलेल्या बँडमध्ये जास्त चांगले गिटारवाले येत गेले आणि हा सरकत सरकत बेसवर आला. आपल्याकडच्या कॉलेजच्या बँडांतही हेच होतं. ज्याचा हात गिटारवर कच्चा, त्याच्या गळ्यात बेस. पण वॉटर्सनं या कच्च्या हाताचं केलं काय, ते ऐकण्यासारखं आहे. ज्याला पळता येत नाही तो उभं राहायला शिकतो. १९६८च्या 'केअरफुल विथ दॅट ॲक्स, युजीन'मध्ये बेस जवळजवळ एका स्वराच्या दोन सप्तकांतच फिरत राहतो, खाली-वर, खाली-वर, आणि त्या दोन खुंट्यांच्या मध्ये बाकीचे तिघं वादळ उठवतात. त्याच वर्षीच्या 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन'मध्ये एक छोटी स्वरावली बेसवर फिरत राहते आणि वॉटर्स तिच्याच पावलांवर पाऊल ठेवून कुजबुजत गातो. आवाज आणि बेस यांच्यात अंतरच उरत नाही. ज्याला आयुष्यात एकदाही तंबोऱ्याजवळ बसायला मिळालं आहे, त्याला इथे काय चाललंय हे समजावून सांगावं लागत नाही.

मग 'मनी'. त्याचा बेस हीच त्याची चाल आहे. श्रेय एकट्या वॉटर्सचं. सात मात्रांचं आवर्तन. सुरुवातीला नाण्यांच्या खणखणाटाची जी टेप वाजते, तीही सात ठोक्यांचीच कापून जोडलेली. आपल्याकडचे जाणकार लगेच 'रूपक!' म्हणतात. मोजायला ठीक आहे, पण वजन अगदी उलट आहे. रूपकात समेवरच खाली असते, पहिली मात्रा हलकी, 'तीं तीं ना'वर तोलून धरलेली, आणि भार पुढे 'धी ना'वर पडतो. 'मनी'त पहिल्याच मात्रेवर खालचा स्वर धप्पकन बसतो, वरच्या सप्तकात उडी घेतो आणि पुन्हा खाली येऊन पायऱ्या चढू लागतो. गल्ल्यावर बसलेल्या माणसासारखं हे आवर्तन आहे. सॅक्सोफोनला त्यानं याच सातांवर नाचवलं आहे. गिटारच्या सोलोसाठी मात्र गाणं चार मात्रांच्या सरळ चालीवर येतं, आणि चाहते तिथेच टाळ्या पिटतात. सोलो संपला की सात परत येतात. या जाण्या-येण्याचं दार बेसच्या हाती आहे, हे एकदा ऐकू आलं की गाण्याचा तोलच बदलतो.

पण मला सगळ्यांत मोठा वाटतो तो 'अस अँड देम'मधला बेस, जिथे तो जवळजवळ काहीच करत नाही. चाल मुख्यतः रिचर्ड राइटची. कडव्यांमध्ये ऑर्गनचे स्वरसमूह बदलत जातात, उजेड येतो, सावली पडते, आणि खाली बेस एकाच 'डी' स्वरावर ठाण मांडून असतो. वरच्या प्रत्येक समूहाचा अर्थ त्या खर्जामुळे बदलतो. एक समूह तर त्या खर्जावर इतका अस्वस्थ वाजतो, की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. शब्द आहेत ते मागे बसून हुकूम सोडणाऱ्या सेनापतींचे आणि पुढे मरणाऱ्या साध्या शिपायांचे. या शब्दांवर आमच्या चाहत्यांनी रात्री जागवल्या आहेत. मरणाऱ्याची बाजू खाली एका स्वरानं लावून धरली आहे, हे त्यांतल्या एकानंही मला सांगितलं नाही. वॉटर्सची नैतिक भूमिका म्हणून जिचा गौरव होतो, ती इथे शब्दांच्या आधी बेसमध्ये आहे, असं माझं मत आहे. हलणाऱ्या जगाखाली न हलणारा एक माणूस.

इथे एक अडचण आहे, आणि ती लपवून लेख पुढे नेणं बरोबर नाही. फ्लॉइडच्या अल्बमांवरचा सगळा बेस वॉटर्सचा नाही. 'ॲनिमल्स'मधल्या 'पिग्ज' आणि 'शीप' या दोन्ही गाण्यांत बेस गिलमोरनं वाजवला आहे. 'द वॉल'मधल्या 'हे यू'चा तो घसरत जाणारा फ्रेटलेस बेसही त्याचाच. 'मेडल'मधल्या 'वन ऑफ दीज डेज'मध्ये दोघं एकेक बेस घेऊन बसले आहेत आणि प्रतिध्वनीच्या यंत्रातून दोन्ही नाद एकमेकांवर आपटताहेत. अंधेरीच्या एका गृहस्थांनी मला वॉटर्सच्या कौशल्याचा पुरावा म्हणून नेमका 'पिग्ज'चा बेस ऐकवला. मी काही बोललो नाही. चहा उत्तम होता. पण त्यातून दिसतं ते असं, की जिथे बेस 'वाजवलेला' म्हणून कानात भरतो तिथे बऱ्याचदा गिलमोर असतो. वॉटर्सचा बेस कानात भरत नाही, तो गाण्याच्या बुडाशी असतो. चाहत्यानं कौतुक करायचं ठरवलं तरी हात चुकीच्या ठिकाणी जातो.

१८ फेब्रुवारी २००७ला वॉटर्स मुंबईत वाजवून गेला. वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. त्याआधी २००२ साली तो बंगळूरला आला होता आणि इथले कित्येक जण गाडीनं तिथे गेले होते. आता तो सायन-कुर्ल्याच्या पल्याडच येत होता, म्हणजे खऱ्या अर्थानं आमच्या दारात. त्या दौऱ्यात 'डार्क साइड' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला जाई. मी गर्दीत होतो, आणि आजूबाजूचे लोक शब्द तर गातच होते, पण गिटारचे सोलोही तोंडानं म्हणत होते. मोठ्या मैदानावर, मोठ्या यंत्रणेतून, बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हा बेस छातीवर घेतला असेल. नंतर वर्षानुवर्षं त्या रात्रीच्या ज्या आठवणी मी ऐकत आलो त्यांत पडद्यावरची दृश्यं आहेत, प्रकाश आहे, भरून आलेले डोळे आहेत. 'छातीत काहीतरी होत होतं' असंही येतं, पण त्या काहीतरीला नाव नाही. शिवाय मंचावर वॉटर्स अकूस्टिक गिटार हाती घेई तेव्हा बेस अँडी फेअरवेदर लोकडे जाई. आपलं वाद्य दुसऱ्याकडे सोपवून पुढे येऊन गाणारा बेसिस्ट, असं ते दृश्य होतं.

त्या तारखेबद्दल एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स इटलीत ॲन्झिओच्या लढाईत मारले गेले ते १८ फेब्रुवारी १९४४ला. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. म्हणजे मुंबईचा तो रविवार वडिलांच्या मृत्यूला त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाल्याचा दिवस होता. दौऱ्याच्या पूर्वार्धात वडिलांचं मधलं नाव धारण करणारं 'द फ्लेचर मेमोरियल होम' हे गाणं असे, आणि उत्तरार्धात अर्थातच 'अस अँड देम'. यातून काही गूढ काढायचं नाही, दौऱ्याच्या तारखा व्यवस्थापक ठरवतात. पण ही तारीख कळल्यापासून मला तो एक 'डी' स्वर वेगळा ऐकू येतो, एवढं नोंदवतो.

वॉटर्सचा बेस न ऐकणाऱ्यांचा आणखी एक पंथ उपनगरांत आहे, आणि तो पहिल्या पंथाला तुच्छ मानतो. हे स्वतः वाजवणारे. धोबीतलावचं रंगभवन शांतता क्षेत्रात गेल्यावर तिथलं रॉक थांबलं आणि १९८६पासून चालत आलेला इंडिपेंडन्स रॉकचा मेळा पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला. पवईत आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये डिसेंबर २००९मध्ये पॉर्क्युपाइन ट्री येऊन वाजवून गेले, आणि कॉलिन एडविनचा फ्रेटलेस बेस ऐकायला विक्रोळी-कांजूरकडची मुलं आधीपासून रांगेत उभी होती. अंधेरीच्या बी-६९सारख्या लहानशा जागेत दर आठवड्याला कुणीतरी विषम मात्रांशी झुंजत असे. २०१३ साली मुंबईच्याच कोशिश या बँडनं 'फिर्दौस' काढला, हिंदीतलं प्रोग्रेसिव्ह रॉक. या पिढीच्या बेसवाल्यांचे देव म्हणजे जॉन मायंग, गेडी ली, स्क्वायर. आता त्यांच्या धाकट्या भावंडांना मुंबईच्याच मोहिनी डेचं उदाहरण समोर आहे. वॉटर्सविषयी विचारलं की ते हसतात. "दोन दिवसांत बसतं सगळं." खरं आहे, बसतं. आठवडाभर सराव केलेला कुठलाही मुलगा 'मनी'चा बेस वाजवतो. घाटकोपरच्या एका क्लासात तर तो पहिल्या महिन्याचा धडा आहे.

या मुलांशी माझं भांडण पहिल्या पंथाहून मोठं आहे. शब्दप्रेमी चाहत्यांना बेस ऐकू आला नाही. यांना तो ऐकू येतो, पण त्यात अवघड काही नाही म्हणून ते तो सोडून देतात. वाजवायला सोपं आणि सुचायला सोपं या दोन गोष्टी एकच मानल्या, की संगीताची परीक्षा कसरतीची परीक्षा होते. आपल्या शास्त्रीय संगीतातही तानेच्या फैरींवर टाळी पडते आणि खर्जात सूर लावून बसणाऱ्याकडे घड्याळ बघितलं जातं, त्यामुळे हा रोग आपल्याला परका नाही. 'अस अँड देम'च्या कडव्यात स्क्वायरला बसवून पाहा. तो पहिल्या चार आवर्तनांतच कुठेतरी सुंदर काहीतरी करील आणि गाणं संपेल.

शब्दप्रेमींना पुढे शब्दांनीच दुखावलं. वॉटर्सच्या राजकीय मतांबद्दल पॅलेस्टाइन, युक्रेन अशी बरीच वादळं झाली. आमच्याकडे ठिणगी पडली ती फेब्रुवारी २०२०मध्ये. लंडनला जुलियन असांजच्या सुटकेसाठीच्या सभेत वॉटर्सनं आमिर अजीज यांची नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनातली एक कविता इंग्रजी अनुवादात वाचून दाखवली. तीस-तीस वर्षं एकत्र फ्लॉइड ऐकणाऱ्या मित्रमंडळांत त्या आठवड्यात अबोला झाला. काहींना अभिमान वाटला. काहींनी, "त्यानं गाणं वाजवावं, आमच्या देशात नाक खुपसू नये," म्हटलं. जो 'लिहितो ना' म्हणून आवडला, तो आता लिहितो-बोलतो म्हणून नकोसा झाला होता, आणि "वाजवावं" हा शब्द त्यांच्या तोंडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ऑक्टोबर २०२३मध्ये, ऐंशी पूर्ण केल्यावर, वॉटर्सनं 'डार्क साइड' एकट्यानं नव्यानं ध्वनिमुद्रित करून 'रिडक्स' म्हणून काढला. गिटारचे सोलो नाहीत, हे त्यानं आधीच जाहीर केलं होतं. मी उत्सुक होतो, आणि माझी उत्सुकता बाकीच्यांहून वेगळी होती. पन्नास वर्षं गिटारच्या सावलीत राहिलेल्या माणसानं अखेर गिटार दूर केली, आता मधल्या मोकळ्या जागेत त्याचा बेस उभा राहील असं मला वाटलं. झालं भलतंच. ती सगळी जागा त्यानं बोलून भरली आहे. जिथे सोलो होता तिथे निरूपण, जिथे मोकळा श्वास होता तिथे म्हाताऱ्या, घोगऱ्या, खर्जातल्या आवाजातलं कथन. मूळ अल्बममध्ये क्लेअर टोरीनं 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये एक शब्दही न उच्चारता मरणाला जो आकार दिला, त्या जागी आता वॉटर्स डोनाल्ड हॉल या कवीच्या अखेरच्या आजाराविषयीचा पत्रव्यवहार ऐकवतो. हा भाग भिडतो, नाही असं नाही. तो घोगरा आवाज स्वतःच एक बेस आहे असंही कुणी म्हणेल, आणि 'मनी'च्या संथ केलेल्या नव्या रूपात मलाही क्षणभर तसं वाटलं. पण अल्बम दोनतीनदा ऐकल्यावर मला जे दिसलं ते वेगळं. वॉटर्सचाही आपल्या बेसवर त्याच्या चाहत्यांहून जास्त विश्वास नाही. मुलुंडचे बँकवाले आणि अंधेरीचे दंतवैद्य 'पण तो लिहितो ना' म्हणतात, आणि स्वतः रॉजरही तेच म्हणतो. एका स्वरावर उभं राहून जे त्यानं सांगितलं होतं, ते कळलं नसेल या भीतीनं तो पुन्हा शब्दांत सांगत सुटला आहे.

मुलुंडला आम्ही पाच जणांनी मिळून 'रिडक्स' ऐकला. बँकवाल्यांना तो आवडला, दंतवैद्यांना झोप आली. नंतर जुना 'डार्क साइड' लावला आणि यजमानांच्या मुलानं, जो एरवी यातलं काहीच ऐकत नाही, 'अस अँड देम' चालू असताना मोबाइलवरून डोळे न काढता विचारलं, "हे खाली एकच वाजतंय ते कोण वाजवतंय?"

त्याच्या वडिलांनी सांगितलं. मग आवाज थोडा वाढवला, खिडक्या लावून घेतल्या आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा लावलं.